चक्रीवादळातील पूर्वतयारी व सुटका : ओडिशाच्या अनुभवातून कृषी विस्तारासाठी धडे

प्रस्तावना

बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांत निर्माण होणारी चक्रीवादळे प्रामुख्याने दोन काळांत किनाऱ्यावर येतात : मोसमी पावसापूर्वी एप्रिल ते जून आणि पावसानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. पूर्व किनाऱ्यावरील शेतीच्या दृष्टीने हे दोन्ही काळ अत्यंत नाजूक असतात. पहिल्या काळात उन्हाळी भात व मूग काढणीस आलेले असतात. दुसऱ्या काळात खरीप भात फुलोऱ्यापासून पक्वतेपर्यंतच्या अवस्थेत उभा असतो. म्हणूनच येथे चक्रीवादळ ही केवळ हवामानाची घटना राहत नाही. वर्षभराच्या श्रमाचे फळ पदरात पडण्याच्या क्षणीच हे संकट उभे ठाकते.

गेल्या पंचवीस वर्षांत ओडिशा राज्याने चक्रीवादळातील मनुष्यहानी कमी करण्यात जे यश मिळविले, त्याचा अभ्यास देशभर होतो. त्या यशातील एक बाब मात्र कृषी विस्ताराच्या अंगाने पुरेशी मांडली जात नाही. शेतकरी कुटुंब वेळेवर घर सोडते की नाही, हे बरेचदा गोठ्यातील जनावरे, खळ्यावरील धान्य आणि पुढील हंगामाचे बियाणे यांच्या सुरक्षिततेवर ठरते. या तिन्हींची सोय आधी झाली, तर माणसाची सुटका सोपी होते. प्रस्तुत लेखात याच सूत्राभोवती पूर्वतयारी, सुटका आणि पुनरुभारणी यांचा विचार केला आहे.

१९९९ ते २०२४ : काय बदलले?

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ धडकलेल्या महाचक्रीवादळात वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणानुसार ताशी २२० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वादळास महाचक्रीवादळ म्हणतात. वाऱ्याने किनाऱ्यावर ढकललेली समुद्राची लाट जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा परिसरात खोलवर शिरली. किनारा ओलांडल्यानंतरही वादळ एका दिवसाहून अधिक काळ त्याच भागात रेंगाळले आणि अतिवृष्टीमुळे नद्यांना पूर आले. सुमारे दहा हजार माणसे आणि लाखो जनावरे प्राणास मुकली. वादळाचा इशारा त्या वेळीही दिला गेला होता. परंतु तो शेवटच्या घरापर्यंत नेणारी यंत्रणा तोकडी होती, आसरा घेण्यास पक्क्या इमारती मोजक्याच होत्या आणि कोणी कोठे जावे हे ठरलेले नव्हते.

या आपत्तीनंतर त्याच वर्षी राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन झाले. देशातील अशा प्रकारची ती पहिलीच राज्यस्तरीय संस्था होय. २००१ मध्ये राज्याचे स्वतःचे शीघ्र कृती दल उभारण्यात आले. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची जोड मिळाली. किनारी जिल्ह्यांत आठशेच्या वर बहुउद्देशीय निवारा केंद्रे बांधली गेली. एरवी त्यांतील अनेक इमारती शाळा म्हणून वापरात असतात. त्यामुळे त्यांची देखभाल होते आणि गावकऱ्यांना तेथील वाट पाठ असते.

या तयारीची कसोटी १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपालपूरजवळ धडकलेल्या ‘फायलिन’ने पाहिली. सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलविण्यात आले होते. वादळ व त्यानंतरचा पूर मिळून राज्यातील मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ आलेल्या ‘फनी’च्या वेळी सुमारे बारा लाख लोकांचे स्थलांतर झाले, त्यासाठी लाखो मोबाइल संदेश, ध्वनिक्षेपक, सायरन आणि हजारो स्वयंसेवक यांचा एकत्रित वापर करण्यात आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये भितरकनिका व धामरा यांच्या दरम्यान आलेल्या ‘दाना’ वादळापूर्वी प्रसूतीचा काळ जवळ आलेल्या स्त्रियांनाही आरोग्य केंद्रांत अगोदरच नेण्यात आले.

मनुष्यहानी अशी घटली, तरी शेतीची हानी त्या प्रमाणात घटलेली नाही. फायलिनमध्ये लाखो हेक्टरवरील पीक बाधित झाले. फनीमध्ये नारळाच्या बागा आणि पानमळे उद्ध्वस्त झाले. पीक उचलून निवारा केंद्रात नेता येत नाही, हे खरेच. परंतु काढणीस आलेले पीक, धान्य, बियाणे, अवजारे व पशुधन यांपैकी बरेच काही मिळालेल्या तासांत वाचविता येते. ते कसे, हा पुढील विवेचनाचा विषय आहे.

इशाऱ्याचे चार टप्पे आणि शेतावरील कामे

हवामान विभाग चक्रीवादळाचा इशारा चार टप्प्यांत देतो. विस्तार कार्यकर्त्याने प्रत्येक टप्प्याचा अर्थ शेतकऱ्यास ‘आता कोणते काम करावयाचे’ या भाषेत सांगणे आवश्यक आहे. ‘वाऱ्याचा वेग वाढेल, दक्षता घ्यावी’ या वाक्यातून कोणतीही कृती घडत नाही.

पहिला टप्पा : चक्रीवादळपूर्व दक्षता (सुमारे ७२ तास आधी). या टप्प्यात वादळाचा मार्ग निश्चित नसतो. म्हणून वादळ वळले तरी वाया जाणार नाहीत अशी कामे हाती घ्यावीत. शेतातील व गावातील चर, नाल्या आणि पाण्याच्या वाटा मोकळ्या कराव्यात. खते देणे, फवारणी करणे व पाणी देणे थांबवावे. मळणी यंत्रे, मजूर आणि ताडपत्र्या यांची उपलब्धता पाहून कोणाचे पीक आधी काढावयाचे याचा क्रम गावाने मिळून ठरवावा. आजारी, वृद्ध व दिव्यांग व्यक्ती आणि गर्भवती स्त्रिया यांची यादी अद्ययावत करावी.

दुसरा टप्पा : सतर्कता, पिवळा रंग (किमान ४८ तास आधी). ज्या भाताच्या लोंबीतील ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले आहेत, त्याची कापणी तातडीने करावी. कापलेले पीक शेतात पसरून ठेवू नये. ते उंच जागी नेऊन मळणी करावी किंवा ताडपत्रीखाली रचावे. केळीचे तयार घड, नारळ व भाजीपाला काढून घ्यावा. उरलेल्या केळीस बांबूचा आधार द्यावा. मत्स्यतळ्याचे बांध दुरुस्त करून भोवती जाळे लावावे. पेंढ्याची गंजी उंचावर हलवावी.

तिसरा टप्पा : चक्रीवादळ इशारा, नारिंगी रंग (किमान २४ तास आधी). जनावरे उंच व सुरक्षित जागी न्यावीत. बियाणे, जमिनीची कागदपत्रे, बँक पुस्तिका व पीक विम्याची पावती जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सोबत घ्यावी. कीटकनाशके व खते घरातील सर्वांत उंच फळीवर ठेवावीत. पुराच्या पाण्यात मिसळलेले कीटकनाशक विहिरीपर्यंत पोहोचू शकते. शक्य असल्यास विहिरीवरील मोटार काढून उंचावर ठेवावी. कच्च्या घरांतील कुटुंबांनी दिवसाउजेडी निवारा केंद्र गाठावे.

चौथा टप्पा : धडकेनंतरचा अंदाज, लाल रंग (सुमारे १२ तास आधी). या टप्प्यात वादळ किनारा ओलांडून आत कोठवर जाईल याचा अंदाज दिला जातो. आता शेतावर जाणे पूर्णपणे बंद करावे. घराचा मुख्य वीजप्रवाह व गॅसची टाकी बंद करावी. राहिलेले काम राहू द्यावे. एखादी ताडपत्री बांधण्यासाठी या वेळी बाहेर पडणे प्राणावर बेतू शकते.

येथे एक धोका स्पष्ट करणे आवश्यक आहे. वादळाचा मध्यभाग म्हणजे ‘डोळा’ गावावरून जात असताना वारा एकाएकी थांबतो व आकाशही निवळते. वादळ संपले असे समजून लोक बाहेर पडतात आणि थोड्याच वेळात विरुद्ध दिशेने तितक्याच जोराचा वारा सुटतो. अधिकृत घोषणा होईपर्यंत निवारा सोडू नये, हा नियम याच कारणासाठी आहे.

पशुधन : स्थलांतराची खरी किल्ली

‘आमची गाय कोण पाहणार?’ हा प्रश्न स्थलांतरास नकार देणाऱ्या घरांत हमखास ऐकू येतो. तो हट्ट म्हणून झटकून टाकता येत नाही. दुभती गाय किंवा बैलजोडी हे अल्पभूधारकाचे सर्वांत मोठे भांडवल असते. म्हणून गावाच्या आपत्ती आराखड्यात माणसांच्या निवाऱ्याशेजारीच जनावरांच्या जागेची नोंद हवी. शाळेचे उंच मैदान, रस्त्याचा भराव, मोकळी टेकडी किंवा मुद्दाम उभारलेला मातीचा उंचवटा यासाठी उपयोगी पडतो. तेथे दोन-तीन दिवसांची वैरण व पिण्याचे पाणी आधीच पोहोचवावे आणि पाळीपाळीने राखणीची माणसे नेमावीत. मात्र वारा सुटण्यापूर्वी राखणदारांनीही निवाऱ्यात परतले पाहिजे.

जनावरे हलविणे शक्यच नसेल, तर एक गोष्ट मात्र प्रत्येकाने पाळावी : दावे सोडावे आणि गोठ्याचे दार उघडे ठेवावे. मोकळे जनावर पोहून किंवा उंचवट्याचा शोध घेऊन जगू शकते. दाव्याला बांधलेले जनावर पाणी चढताच जागीच बुडते. दोन जनावरे एकमेकांस बांधून सोडू नयेत. पत्र्याच्या किंवा मोडकळीस आलेल्या छपराखाली जनावरे कोंडू नयेत.

घटसर्प, फऱ्या व लाळ्या-खुरकूत या रोगांचे लसीकरण पावसाळ्यापूर्वीच पूर्ण करावे, कारण लसीचा प्रभाव दिसण्यास वेळ लागतो. कानातील बारा अंकी बिल्ल्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा आणि जनावराचे छायाचित्र मोबाइलमध्ये जतन करावे. हरवलेले जनावर ओळखण्यास आणि नुकसानभरपाईचा दावा करण्यास ही नोंद उपयोगी पडते.

सुटका : पहिले काही तास गावाचेच

वादळानंतर रस्त्यांवर झाडे व विजेचे खांब आडवे पडलेले असतात, मोबाइल मनोरे बंद असतात. प्रशिक्षित दल कितीही सज्ज असले, तरी प्रत्येक गावात पोहोचण्यास त्यास वेळ लागतो. ओडिशाच्या दलांकडे होड्यांइतकेच महत्त्व झाडे कापणाऱ्या यांत्रिक करवतींना दिले जाते. रस्ता मोकळा झाल्याशिवाय रुग्णवाहिकाही पुढे सरकत नाही. तोपर्यंतची जबाबदारी गावातील स्वयंसेवकांवर असते. इशारा देणे, शोध व सुटका, प्रथमोपचार आणि निवारा व्यवस्थापन असे चार गट प्रत्येक गावात असावेत. या गटांत स्त्रियांचा सहभाग असणे अगत्याचे आहे, कारण निवाऱ्यातील स्त्रियांच्या अडचणी त्यांनाच प्रथम कळतात.

सुटकेच्या कामात खालील नियम कटाक्षाने पाळावेत.

• बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी थेट पाण्यात उडी घेऊ नये. प्रथम काठावरून बांबू द्यावा. तो पोहोचत नसेल तर दोर, हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा डबा दोराला बांधून फेकावा. पाण्यात उतरणे हा प्रशिक्षित व दोराने सुरक्षित केलेल्या व्यक्तीसाठी शेवटचा उपाय आहे.

• वाहत्या पाण्यातून पायी किंवा वाहनाने जाऊ नये. गुडघाभर पाणीही वेगात असेल तर माणसाचा तोल घालवते. पाण्याखालील रस्ता खचला आहे की नाही, हे वरून कळत नाही.

• होडीची क्षमता ठरवून तिच्यावर ठळक लिहावी व त्याहून एकही व्यक्ती अधिक घेऊ नये. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णा नदीच्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली होडी उलटून अनेकांचा मृत्यू झाला. सुटका करणारी होडीच संकट ठरू नये यासाठी जीवरक्षक जाकिटे, माणसांची मोजणी आणि ‘पुढच्या फेरीत तुम्हाला नक्की नेऊ’ असे ठामपणे सांगणारा जबाबदार माणूस ही तिन्ही हवीत.

• तुटलेल्या विजेच्या तारांना व त्यांच्या संपर्कातील पाण्याला स्पर्श करू नये. प्रवाह बंद असल्याची खात्री वीज कर्मचाऱ्यानेच करावी.

• पुरात साप कोरड्या जागेच्या शोधात घरात, गंजीत व झाडांवर येतात. सर्पदंश झाल्यास जखम कापू किंवा चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये. रुग्णास हालचाल करू न देता प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे.

तातडीच्या मदतीसाठी ११२, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ व राज्य नियंत्रण कक्षासाठी १०७० हे क्रमांक निवारा केंद्राच्या भिंतीवर रंगवून ठेवावेत. वादळात मोबाइलची बॅटरी संपते. भिंतीवरचा क्रमांक पुसला जात नाही.

पाणी ओसरल्यानंतर : दुसरे संकट टाळणे

वादळाची हानी वाऱ्याबरोबर संपत नाही, याचा दाखला भारतीय शेतीच्या इतिहासात आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये बंगालच्या मेदिनीपूर किनाऱ्यावर चक्रीवादळ आले. त्या हंगामातील दमट हवामानात भातावर तपकिरी ठिपके हा बुरशीजन्य रोग मोठ्या प्रमाणात पसरला. पुढील वर्षीच्या भीषण दुष्काळामागे अनेक कारणे होती; पिकाची ही हानी त्यांपैकी एक मानली जाते. याच पार्श्वभूमीवर १९४६ मध्ये कटक येथे भात संशोधनाची केंद्रीय संस्था स्थापन झाली. तीच आजची राष्ट्रीय भात संशोधन संस्था होय. तेव्हा वादळानंतरच्या पंधरवड्यात शेताची नियमित पाहणी करणे हा प्रतिसादाचाच भाग समजला पाहिजे.

उभ्या पिकातील पाणी शक्य तितक्या लवकर बाहेर काढावे. आडवा पडलेला पक्व भात पाणी ओसरताच कापावा. लोंबीतील दाणे ओलाव्याने उगवू लागण्याचा धोका असल्यास ५ टक्के मिठाच्या द्रावणाची, म्हणजे एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ या प्रमाणात, फवारणी करण्याची शिफारस पूर्व किनाऱ्यावर केली जाते. अशा पिकातील दाणे बियाण्यासाठी राखू नयेत.

समुद्राचे पाणी शेतात शिरले असेल, तर घाई अधिक नुकसान करते. २००९ च्या ‘आयला’ वादळात सुंदरबनातील बांध फुटून खारे पाणी शेतांत शिरले आणि तेथील शेतकऱ्यांना पुढील अनेक हंगाम त्याची झळ सोसावी लागली. अशा वेळी प्रथम साचलेले खारे पाणी बाहेर काढावे, फुटलेला बांध बांधावा आणि गोड्या पाण्याने किंवा पावसाने क्षार धुऊन निघतील अशी व्यवस्था करावी. जिप्सम सरसकट टाकू नये. ते प्रामुख्याने चोपण जमिनीसाठी उपयुक्त असते. मातीचे परीक्षण करूनच निर्णय घ्यावा. तळ्यात खारे पाणी शिरून मासे मेले असल्यास ते ताबडतोब काढून पाणी उपसावे.

मृत जनावरांची विल्हेवाट विहिरी व जलस्रोतांपासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून करावी. त्यापूर्वी बिल्ल्यासह छायाचित्र व पंचनामा करून घ्यावा. बुरशी आलेला पेंढा जनावरांना घालू नये. चिखलात काम करताना पायांत बूट घालावेत. लेप्टोस्पायरोसिसचा धोका असलेल्या भागात प्रतिबंधक औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. पिण्याचे पाणी उकळूनच वापरावे.

पंतप्रधान पीक विमा योजनेतील स्थानिक आपत्ती व काढणीपश्चात नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. कापून शेतात सुकविण्यासाठी पसरलेल्या पिकास चक्रीवादळापासून कापणीनंतर १४ दिवसांपर्यंत संरक्षण मिळू शकते. मात्र आपल्या राज्यात कोणती जोखीम अधिसूचित आहे हे हंगामाच्या आरंभीच पाहून ठेवावे. सूचनेसाठी १४४४७ हा क्रमांक उपलब्ध आहे.

दीर्घकालीन तयारी

काही उपाय वादळाच्या तासांत होत नाहीत. त्यांस वर्षे लागतात. पूर साचणाऱ्या भागात ‘स्वर्णा-सब १’ सारखा वाण सुमारे दोन आठवडे पूर्ण पाण्याखाली राहूनही पुन्हा उभारी धरतो. या गुणासाठीचे जनुक ओडिशातीलच एका पारंपरिक भातापासून घेतलेले आहे. मात्र हा गुण वाढीच्या अवस्थेतील पिकास उपयोगी पडतो. फुलोऱ्यानंतरच्या बुडितापासून तो संरक्षण देईल अशी अपेक्षा ठेवू नये. किनारी खाऱ्या जमिनींसाठी ‘लुणा सुवर्णा’, ‘लुणा संपद’ यांसारखे वाण विकसित झाले आहेत. गावपातळीवर बियाणे पेढी उंच जागी असल्यास दुबार पेरणीसाठी बाहेरच्या मदतीची वाट पाहावी लागत नाही. १९९९ च्या वादळानंतर केंद्रपाडा जिल्ह्यात झालेल्या अभ्यासात, समुद्र आणि वस्ती यांमध्ये कांदळवन शिल्लक असलेल्या गावांत मृत्यू तुलनेने कमी झाल्याचे आढळले. कांदळवन वारा व लाट दोन्हींचा जोर मोडते. ते राखणे हीदेखील पूर्वतयारीच होय.

पश्चिम किनाऱ्यासही हे धडे लागू आहेत. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ वादळाने कोकणातील नारळ-सुपारीच्या बागा क्षणात आडव्या केल्या. फळबाग पुन्हा उत्पन्नावर येण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणून तेथे वारारोधक झाडांच्या रांगा, मिश्र लागवड आणि रोपवाटिकांचे संरक्षण यांस अधिक महत्त्व द्यावे लागेल.

निष्कर्ष

हवामानाचा अंदाज आज तीन दिवस आधी हाती येतो. त्या तीन दिवसांचे मोल मात्र गावाच्या तयारीवर ठरते. विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच प्रत्येक किनारी गावात एक बैठक घेऊन तीन प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत : जनावरे कोठे न्यावयाची, धान्य व बियाणे कोठे ठेवावयाचे आणि कोणत्या घरातील कोणास कोणी आणावयाचे. हा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा आणि वर्षातून दोनदा, एप्रिल व सप्टेंबर महिन्यांत, त्यानुसार रंगीत तालीम घ्यावी. ज्या शेतकऱ्यास गोठा व कणगी यांची काळजी उरलेली नाही, तो निवारा केंद्राकडे निघण्यास विलंब लावत नाही.